आंबेनळीची सरहद्द

पोलादपूरहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळीचा रस्ता रायगड जिल्हा सोडून साताऱ्यात शिरतो, एवढेच आजच्या प्रवाशास जाणवते. परंतु पेशवाई बुडाल्यावर तळकोकण कंपनी सरकारच्या अमलाखाली गेले आणि घाटमाथा सातारकर छत्रपतींकडे राहिला, तेव्हा सह्याद्रीची हीच धार दोन राजसत्तांची सरहद्द ठरली होती. त्याआधी या मुलुखातील मुख्य वाट शेजारच्या पारघाटाची. सावित्रीकाठच्या महाड बंदरातून देशावर जाणाऱ्या मालाची आणि जकातीची ही नाडी जावळीच्या मोऱ्यांच्या हाती होती, म्हणूनच १६५६ साली जावळी घेताच शिवाजी महाराजांनी तिच्या माथ्यावर प्रतापगड उभारावा, यात नवल ते कोणते? पुढे इंग्रजांस माथ्यावरील थंड हवेचा मोह पडला, तेव्हा गव्हर्नर माल्कम यांनी प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेऊन मोबदल्यात वाईकडील खंडाळा गाव दिले. सौदा कोणाच्या पथ्यावर पडला, हे निराळे सांगावयास नको. १८४८ साली सातारा राज्य खालसा झाले आणि राज्यांची ती सीमा केवळ जिल्ह्यांची हद्द होऊन उरली. तिच्या खालच्या अंगाचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणून ओळखला जातो.