बंद पडणाऱ्या जीपचा इतिहास

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दक्षिण टोकाचे सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर दूर, आणि मधला बहुतेक मुलूख जंगलाचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा प्रदेशात वनखाते, आरोग्यखाते आणि खासगी वाहतूक या सर्वांची भिस्त अनेक वर्षे जीपवर होती. तेथे जीप सुरू झाली नाही, तर नुसता खोळंबा होत नाही. मागच्या बाकावर साप चावलेला रुग्ण किंवा अडलेली बाळंतीण असू शकते.

जीप का बंद पडते, हा प्रश्न मिस्त्रीचा खराच. पण तो विज्ञानाच्या इतिहासाचाही आहे. इंजिनाचे जवळजवळ प्रत्येक दुखणे एखाद्या जुन्या शोधाबरोबर जन्माला आलेले असते. एक अडचण सुटली की तिच्या जागी दुसरी येते. हा क्रम समजला, तर दोष कोठे शोधावा हेही समजते.

प्रथम पेट्रोलची जीप पाहू. १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' कंपनीचे नाव १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झाले आणि तिने अमेरिकन विलीज जीपची जोडणी भारतात सुरू केली. अमेरिकेत १९५३ साली आलेले उंच बॉनेटचे 'सी. जे. ३ बी' हे प्रारूप पुढे कित्येक वर्षे आपल्या रस्त्यांवर दिसत राहिले. त्याचे इंजीन पेट्रोलचे होते.

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. भर दुपारी चालती पेट्रोल जीप आचके देऊन बंद पडे आणि तासाभराने आपोआप सुरू होई. याचे कारण असे. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील सर्वांत हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. इंजिनाला जोडलेला पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदूही उतरतो. नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ढकलत बसतो. मिस्त्री पंपावर ओले फडके गुंडाळतात, ते याचसाठी. वर्गात हे सहज दाखवता येते. बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोडे गरम पाणी घ्या, तोंड घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. पाणी उकळताना दिसेल.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि डिझेल जीपचे महत्त्व वाढले. महिंद्र कंपनीने १९७९ साली फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून २११२ घन सेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला त्याचा कारखाना उभा राहिला. डिझेल मे महिन्याच्या उन्हात उकळत नाही. एक दुखणे गेले, पण दोन नवी आली.

त्यासाठी मागे जावे लागेल. रुडॉल्फ डिझेल हे म्युनिकला कार्ल फॉन लिंड यांचे विद्यार्थी. ठिणगीवाचून, केवळ हवा जोराने दाबून तिच्या उष्णतेने इंधन पेटवावे, ही त्यांची कल्पना. १८९३ मध्ये आउग्सबुर्ग येथे पहिले चाचणी इंजीन तयार झाले. १८९७ च्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले. त्या काळी वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हते. मात्र इंधन आत फुंकण्यासाठी हवा दाबणारे अवजड यंत्र सोबत लागे. म्हणून हे इंजीन कारखान्यात आणि जहाजात बसले, मोटारीत नाही.

ही अडचण रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने सोडवली. १९२७ पासून तेथे केवळ द्रव दाबून फवारणारे छोटे पंप मोठ्या संख्येने बनू लागले. पण द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नोझल उघडायला शंभराहून अधिक वातावरणांचा दाब लागतो. नळीत हवा शिरली, तर पंपाचा सारा जोर बुडबुडा दाबण्यात जातो. 'गाडीने एअर धरली' म्हणतात ते हेच. टाकी ते पंप या भागात ओढ असते, म्हणून सैल जोडातून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. जमिनीवर थेंबही नसतो आणि दोष लपून राहतो.

दुसरी अडचण वेगाची. लहान, जलद इंजिनात हवा आणि इंधन मिसळायला वेळ पुरत नाही. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डो यांनी १९३१ च्या सुमारास सिलिंडरशेजारी एक छोटी गोल कोठी योजली. तिच्यात हवा भोवऱ्यासारखी फिरते. प्युजो इंजिनात हीच युक्ती होती. पण कोठीच्या भिंती थंड असताना उष्णता शोषून घेतात. २७ अंशांची हवा २२ पट दाबली, तर उष्णता मुळीच न गमावता ती सुमारे ७६० अंशांवर जावी. प्रत्यक्षात डिसेंबरच्या पहाटे, बॅटरी मंद असताना आणि रिंगा झिजलेल्या असताना, ती फारच कमी तापते. म्हणून हीटर प्लग आले.

आता जुनी डिझेल जीप सुरू होत नसेल, तर पहिला प्रश्न कोणता? सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? पांढरा धूर येत असेल, तर इंधन पोचते आहे, उष्णता कमी पडते. मग हीटर प्लग, बॅटरी, रिंगा तपासाव्यात. धूरच नसेल, तर इंधन पोचत नाही. मग फिल्टर, पाणी, हवा आणि इंधन बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची तार पाहावी. गाडी सुरू होऊन पाच मिनिटांनी बंद पडत असेल, तर डिझेलचा डबा उंच टांगून पंपाला थेट जोडावा. तेवढ्याने गाडी नीट चालली, तर दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये आहे, पंपात नाही.

प्रयोगशाळेत आम्हीही याहून वेगळे काही करत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे. ही शिस्त नसेल, तर बॅटरी, पंप, नोझल असे एकेक महागडे सुटे भाग बदलले जातात. दोष मात्र दोन रुपयांच्या वॉशरमध्ये राहतो आणि जीप पुन्हा जंगलात उभी राहते. आपल्या गावात जुन्या जीपवर हात बसलेला मिस्त्री असेल, तर त्याला एक तासिका वर्गात बोलवावे. मुलांना आधी दोषाची लक्षणे तेवढी सांगावीत आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत.