मेकॅनिकल: नावात 1854 ला, पदवीत 1912 ला

बारावीचे निकाल लागले की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मेकॅनिकलला आता काही राहिलं नाही, कॉम्प्युटर घे." आणि जे आधीच मेकॅनिकलला आहेत, ते सबमिशन, केटी आणि प्लेसमेंट यांच्यामध्ये लटकलेले. आज आपण इतिहास बघू. कारण "या ब्रँचला नोकरी आहे का?" हा प्रश्न तुमच्या आईबाबांनी शोधून काढलेला नाही. तो आपल्याकडे दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे.

पाटीवर नाव, वर्गात नाही

1854 साली पुण्यात एक शाळा निघाली, 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. आज आपण जिला सीओईपी म्हणतो, तिची ही पहिली पाटी. एकच वर्ष आधी, 16 एप्रिल 1853 ला, बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे धावली होती. सरकारला रस्ते, पूल, कालवे, इमारती बांधायच्या होत्या आणि त्यासाठी हाताखालची माणसं हवी होती. साहेब ठरवणार, आपली मुलं कामावर देखरेख करणार. हिशेब इतका सरळ होता.

आता गंमत बघा. नावात 'मेकॅनिकल' पहिल्या दिवसापासून आहे, पण तिथे मेकॅनिकलची पदवी सुरू व्हायला 1912 उजाडलं. तब्बल 58 वर्षं! मधल्या काळात इंजिनिअर व्हायचं म्हणजे मुख्यतः सिव्हिल. कारण सरकारी नोकरी सिव्हिलची होती. रेल्वेची इंजिनं विलायतेहून यायची, गिरण्यांची यंत्रंही तिकडूनच, आणि त्यांच्यावरचे वरचे साहेबही बहुतेक तिकडचेच. आपल्या माणसाच्या वाट्याला हातावरची काजळी यायची, खुर्ची क्वचितच.

त्या काळातलं 'टॉप प्लेसमेंट' बघायचंय? पुण्याच्या याच कॉलेजातून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1883 मध्ये पहिले आले आणि 1884 मध्ये थेट मुंबई सरकारच्या पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनिअर झाले. पदवी सिव्हिलची. पण त्यांचं गाजलेलं काम कोणतं? खडकवासला धरणावर 1903 मध्ये बसवलेले स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणार, उतरलं की मिटणार. वजन, तोल, पाण्याचा दाब. म्हणजे काम यंत्राचंच की! पदवीवर छापलेल्या शब्दाने त्यांना अडवलं नाही.

ड्रॉइंगचे मास्तर

आता मुंबईत येऊ. गिरण्यांच्या या शहरात 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. तीच आजची व्हीजेटीआय. तिथे मेकॅनिकल ड्रॉइंग शिवायला, सॉरी, शिकवायला एक तरुण होता, लक्ष्मणराव किर्लोस्कर. खरं तर तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला आला होता. पण त्याला रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून चित्रकला सुटली आणि रेषा उरल्या. पहिल्या वर्षाला ज्या ईडीने तुमची झोप उडवली (छापे टाकणारी नव्हे, इंजिनिअरिंग ड्रॉइंग!), तीच याची रोजीरोटी झाली.

फक्त फळ्यावर यंत्र काढून त्याचं भागलं नाही. फावल्या वेळात वर्कशॉपमध्ये जाऊन तो यंत्रं हाताळायला शिकला. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, बेळगाव गाठलं आणि भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींच्या धंद्यात उतरले. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी नांगर घेईनात. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, अशी समजूत होती! मालाला गिऱ्हाईक नाही, आणि पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजांनी हात दिला. 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळरानावर कारखाना हलला. तीच किर्लोस्करवाडी.

इथे अनेकजण निष्कर्ष काढतात, "बघा, डिग्रीची गरजच नाही!" थांबा. याच लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव 1922 मध्ये अमेरिकेला एमआयटीत गेला आणि 1926 मध्ये मेकॅनिकलची पदवी घेऊन परतला. कुठे? त्याच माळरानावरच्या कारखान्यात. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, तेव्हा डिझेल इंजिनं बनवायला नुसती जिद्द पुरणार नव्हती. थर्मोडायनॅमिक्स लागतंच.

मंदी काही नवी नाही

स्वातंत्र्यानंतर चित्र भराभर बदललं. 1958 मध्ये आयआयटी मुंबई, 1961 मध्ये अ‍ॅप्रेंटिस कायदा, मग पिंपरी-चिंचवडचा पट्टा. पण साठच्या दशकाच्या शेवटी मंदी आली आणि पदवीधर इंजिनिअर घरी बसले. "इंजिनिअरिंगला काही राहिलं नाही" हे वाक्य तेव्हाही ऐकू येत होतं. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. जागा भरपूर झाल्या. पण जागा वाढवणं सोपं असतं. प्रत्येक मुलाला लेथवर पुरेसा वेळ देणं अवघड.

मग या सगळ्यातून दिसतं काय? सिलॅबस कामाच्या मागून येतो. 1854 ला तो देखरेख करणारा माणूस घडवत होता, 1912 ला यंत्रांपर्यंत पोचला. आजही नवं काम आधी येईल, विषय नंतर. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नसेल, पण बॅटरी थंड ठेवायची आहे, ब्रेक लावायचे आहेत, सांगाडा हलका आणि मजबूत करायचा आहे, तो बनवायला डाय लागणार आहे. हे कोण करणार?

त्यामुळे सहावं सेमिस्टर संपेपर्यंत स्वतःला दोनच गोष्टी विचारा. समोर आलेलं ड्रॉइंग मला वाचता येतं का? आणि एखादं यंत्र खोलून परत जोडता येतं का? "हो" म्हणता येत नसेल, तर सुट्टीत जवळच्या एमआयडीसीतलं एखादं छोटं वर्कशॉप गाठा. जर्नल कॉपी करून भागेल, लेथ कॉपी होत नाही.

भाग आवडला असेल तर क्लासच्या ग्रुपवर टाका, आणि "कॉम्प्युटर घे" म्हणणाऱ्या काकांनाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!