बसतंय ना?

शुक्रवार, संध्याकाळी ५
नवा सर्व्हर रॅकमध्ये चढला. दोन पॉवर सप्लाय, प्रत्येकी ३००० वॅटचे. मागे आडव्या पात्यांचं चौकोनी सी-२०, म्हणजे १६ अँपिअरचं तोंड. रॅकला वीज वाटणाऱ्या पट्टीवर, म्हणजे पीडीयूवर मात्र त्याच्या जोडीचं सी-१९ एकही रिकामं नव्हतं. उरली होती कॉम्प्युटरच्या नेहमीच्या केबलची सी-१३ सॉकेटं, १० अँपिअरची.

६:३०
तपकीर गल्लीतल्या दुकानातून मुलगा दोन कॉर्ड घेऊन आला. एका टोकाला सी-१९, दुसऱ्याला सी-१४. प्लगच्या पोटावर उठावाची बारीक अक्षरं होती, १० ए. ती मी वाचली, हे कबूल करतो. "बसतंय ना, सर?" बसत होतं. ही दोन मापं एकमेकांत जाऊच नयेत म्हणून त्यांचे आकार वेगळे ठेवलेत, आणि ही कॉर्ड नेमका तोच अडथळा काढून टाकते. मी चलनावर सही केली.

८:००
लोड २८०० वॅट. २३० व्होल्टला साधारण १२ अँपिअर, दोन कॉर्डमध्ये सहा-सहा; एक कॉर्ड ए-लाइनवर, दुसरी बी-लाइनवर. मीटर पाहून मी खूश.

१०:००
यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या म्हणून ए-लाइन बंद केली. सर्व्हरनं हूं की चूं केलं नाही. दोन सप्लाय असतात ते याचसाठी. पण आता सगळे १२ अँपिअर बी-लाइनच्या एकाच प्लगमधून. करंट दुप्पट, उष्णता चौपट. बारावीत हे गणित सोडवून मी मार्क घेतलेत.

११:००
पीडीयूची एमसीबी १६ ची. तिच्या लेखी १२ म्हणजे काहीच नाही. रात्रभर काय, वर्षभरही ती पडणार नाही. सी-१३ मध्ये जाणाऱ्या पिनेला ७० अंशांची मर्यादा, आणि प्लग नेमका सर्व्हरच्या गरम हवेच्या तोंडाशी.

१२:३०
चहा. कुणीतरी म्हणालं, कंगवा जळल्यासारखा वास येतोय. एसीवर ढकललं.

१:१५
रॅकमागे टॉर्च मारला. प्लगची कड तपकिरी, जरा ओघळलेली. बी-लाइन बंद करावी तर अख्खा रॅक जातो. मी फोन लावत बसलो.

१:४०
फट्. आता मात्र एमसीबी पडली. ए-लाइन तर आम्हीच बंद ठेवलेली.

२:३०
बॅटऱ्या बसल्या, ए-लाइन आली. टाळ्या. सर्व्हर उठला, उरलेल्या एका कॉर्डवर. मीटरवर १२.