मोहोळ जिवंत उचलता येतं, ते एका फटीमुळे

मीटरच्या खोक्यात मधमाशा बसल्या की सोसायटीचा पहिला फोन जातो पेस्ट कंट्रोलवाल्याला. तो मधपाळाला करा, असं आता बरेच जण सांगतात. पण अख्खं मोहोळ जिवंत उचलून दुसरीकडे नेण्याची ही सोय किती अलीकडची आहे, ते बघा.

युरोपात शतकानुशतकं गवताच्या टोपल्यांत माशा पाळत. पोळी आतून टोपलीलाच चिकटलेली. त्यामुळे मध काढायचा तर पुष्कळदा गंधकाचा धूर देऊन सगळ्या माशा मारत. आपल्याकडे मशाल, धूर आणि मग पोळं पिळायचं, आतल्या अंडी-अळ्यांसकट.

१८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या लक्षात आलं, की पेटीत साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट ठेवली तर माशा ती ये-जा करायला मोकळी सोडतात. कमी असेल तर चिकट राळेने लिंपतात, जास्त असेल तर तिथे पोळं बांधतात. माझ्या अख्ख्या संशोधनाची नायिका ही फटच आहे, हसू नका! तिच्यामुळे चौकटी सुट्या झाल्या, आणि पोळं न मोडता उचलता यायला लागलं.

मधपाळ आजही तेच करतो. भिंतीतलं पोळं कापून रिकाम्या चौकटीत दोऱ्याने बांधतो, राणीला पेटीत घेतो, कामकरी माशा तिच्यामागे येतात. अंधार पडेपर्यंत बाहेरच्या माशा परतल्या की दार बंद करून पेटी हलवायची.

आपली सातेरी माशी युरोपीय माशीहून लहान, म्हणून तिला पेटीही बेताची लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तशी पेटी केली. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. महाबळेश्वरला राज्याचं मध संचालनालय आहे. जवळचा प्रशिक्षित मधपाळ शोधायचा तर या दोन ठिकाणी विचारा.

मात्र हे सगळं सातेरीपुरतं. ती अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते, ऋतूप्रमाणे जागा बदलते आणि पेटीत टिकत नाही. तेव्हा गच्चीखाली आग्या असेल तर खालची वाट बंद करा, दगड-धूर करू नका, आणि ती आपणहून जाईपर्यंत थांबता येतंय का बघा. फोनवर समोरच्याने "पोळं आत आहे की उघड्यावर?" हे विचारलंच नाही, तर मी तरी दुसरा माणूस शोधेन.