वारशाने आलेली पद्मिनी

मध्यमवर्गाच्या सामाजिक इतिहासाची साधने शोधताना आपण आत्मचरित्रांकडे, पत्रसंग्रहांकडे, नियतकालिकांच्या जुन्या अंकांकडे वळतो. इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या मोटारीकडे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. वास्तविक काकांची, मामांची किंवा आजोबांची म्हणून पुढच्या पिढीकडे आलेली प्रीमियर पद्मिनी ही महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबईतील अनेक कुटुंबांच्या इतिहासातली वस्तू आहे. ती आली की तिच्याबरोबर एक प्रश्नही येतो: ठेवायची की काढायची? या प्रश्नाचे उत्तर बहुधा भावनेने किंवा हिशेबाने दिले जाते. प्रस्तुत लेखात त्याच्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहावयाचे आहे. अशी गाडी चालती ठेवणे म्हणजे नेमके काय चालते ठेवणे, हा त्यातला मुख्य मुद्दा आहे.

गाडीची वंशावळ प्रथम पाहू. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तेथे क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई; पुढे १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी सहकार्य सुरू झाले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले की, ज्यांच्याकडे प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नाही, नुसती जुळणी आहे, त्यांना येथे स्थान नाही. परिणामी फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी भारतातील आपले काम आवरते घेतले. बाजारात उरल्या मुख्यतः तीन गाड्या: कलकत्त्याची हिंदुस्थान, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट. पन्नाशीतल्या फियाटच्या पुढे आलेल्या नाकाडामुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि हे नाव संग्राहकांच्या बोलण्यात अजून टिकून आहे. १९६४ मध्ये ‘अकराशे डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी फियाटचे नाव जाऊन गाडी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. २००० सालच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इटलीत अकराशे मालिकेची शेवटची गाडी १९६९ मध्येच बंद झाली होती. म्हणजे जन्मभूमीत संपलेला आराखडा कुर्ल्यात पुढे तीस वर्षे जगला. शिवाय इटलीतल्या ‘अकराशे डी’ला १२२१ सीसीचे इंजिन होते, आपल्याकडे मात्र त्याच अंगकाठीत जुने १०८९ सीसीचे इंजिन कायम राहिले. ‘मूळ’ गाडी कोणती, हा प्रश्न कारखान्याच्या दारातच उपस्थित होतो. त्याकडे पुढे येऊ.

या दीर्घायुष्याचे श्रेय प्रेमाला देण्याची आज पद्धत आहे. ते पूर्णपणे खरे नाही. परवाना आणि नियंत्रणाच्या त्या काळात नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती आलेली गाडी मोडीत काढणे ही कल्पनाच परवडणारी नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि निवडीला वाव मिळाला. तोवर डागडुजी हा छंद नव्हता, ती टंचाईची अर्थव्यवस्था होती. काकांनी गाडी ‘जपली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या जपण्यामागे पर्यायाचा अभावही होता, हे विसरता कामा नये. त्यांच्या पिढीच्या सचोटीचे गोडवे गाताना हा अभाव नजरेआड झाला, तर आपण इतिहास न लिहिता स्मरणरंजन लिहू.

आता जपणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते पाहू. पद्मिनीचे गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. ते ज्या सांधेजोडीने गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतात तिच्यातले बुश झिजले की गिअर अडखळतात. पुढच्या चाकांच्या किंगपिनना ठरावीक अंतरानंतर ग्रीस द्यावे लागते. ते चुकले की चाके डगमगू लागतात. मागे पाटे आहेत. ठिणगी पाडणारे पॉइंट जळतात, घासून त्यांच्यातली फट पुन्हा जुळवावी लागते. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकतो. टॅपेटचा आवाज वाढला की त्यांचे अंतर साधावे लागते. यातले प्रत्येक काम पाना, फटमापक पट्टी आणि कान यांच्या बळावर होते. दोष सांगणारा संगणक गाडीत नाही. तो मिस्त्रीच्या अनुभवात असतो. मोठा शत्रू मात्र इंजिनात नाही, पत्र्यात आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, अंगच सांगाडा आहे. त्यामुळे मुंबईच्या चार पावसाळ्यांत दुर्लक्ष झाले आणि तळपत्रा किंवा दाराखालची पट्टी गंजली, तर तो केवळ रूपाचा प्रश्न राहत नाही. लांबी भरून वर रंग मारलेली गाडी देखणी दिसते आणि आतून पोकळ असते. वारसदाराने पहिले काम करावे ते हे की, गाडी वर घेऊन तिचा तळ पाहावा.

दुसरे काम कागदांचे. थोरल्या माणसांच्या गाडीबरोबर पुष्कळदा एक वही मिळते. तारीख, मीटरचा आकडा, पेट्रोलचे लिटर आणि रुपये, ऑइल कधी बदलले, बॅटरी कधी घेतली. साहित्याच्या विद्यार्थ्याला अशी वही रूक्ष वाटेल. पण पेट्रोलचे दर, लग्नासाठी केलेला गावचा प्रवास, निवृत्तीनंतर मंदावलेला मीटरचा वेग, शेवटच्या वर्षांत थरथरू लागलेले अक्षर, हे सारे तिच्यात न सांगता नोंदलेले असते. आत्मचरित्रात माणूस स्वतःकडे पाहून लिहितो. येथे तो गाडीकडे पाहत असतो, म्हणून त्याच्या नोंदीत पवित्रा नसतो. मात्र या वहीतही एक मौन आहे. ज्याने हेड उघडले, रिंगा बदलल्या, त्याचे नाव बहुधा नसते. ‘मिस्त्री रु. ३५०’ एवढेच असते.

हा नावाविना राहिलेला मिस्त्री ज्या व्यवस्थेवर जगत होता, ती खासगी गाड्यांची नव्हती. ती काळ्यापिवळ्या टॅक्सीची होती. मुंबईच्या टॅक्सीत पद्मिनीचे कित्येक दशके वर्चस्व होते. टॅक्सी दिवसरात्र धावते, म्हणून तिचे भाग लवकर झिजतात. म्हणून सुट्या भागांना कायम मागणी. म्हणून ते बनवणारे छोटे कारखाने, ते विकणारी दुकाने आणि ते बसवणारे हात यांची साखळी टिकून राहिली. कुटुंबाची रविवारी निघणारी गाडी त्या साखळीच्या आधाराने स्वस्तात चालली. २००० नंतर टॅक्सी सीएनजीवर आल्या, पुढे वीस वर्षांची वयोमर्यादा लागू झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सीचे पर्व अधिकृतपणे संपले. वृत्तपत्रांनी त्या वेळी निरोपाचे लेख छापले. त्यांत एक गोष्ट फारशी आली नाही: टॅक्सीबरोबर भागांची मागणीही संपली. आज काकांची गाडी ठेवणाऱ्याला जी अडचण येते तिचे मूळ गाडीच्या वयात कमी आणि या तुटलेल्या साखळीत अधिक आहे.

कायद्याच्या दृष्टीने वारसा म्हणजे मुदत. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत वारसाने नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते, आणि त्या अवधीत नमुना ३१ भरून ती आपल्या नावे करून घ्यावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तपासणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजारांवर गेले. राज्यसंस्थेचा कौल स्पष्ट आहे.

गाडीबरोबर केवळ गाडीच येते असेही नाही. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना बारा हजार रुपयांची फियाट घेतली, त्यासाठी बँकेचे पाच हजारांचे कर्ज काढले आणि १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले आहे. ती गाडी आज दिल्लीच्या स्मारकात उभी आहे. ती पाहणाऱ्याला साधेपणा दिसतो. तो खराच आहे. पण ज्या हातांनी हप्ते भरले त्यांच्यासाठी वारसा म्हणजे प्रथम एक देणे होते.

आता ‘मूळ’पणाचा प्रश्न. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देणारे नियम केले. अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि नोंदणीनंतर ती रोजच्या वापरात नसावी. १९७४ च्या पद्मिनी २०२४ मध्ये या वयाला पोहोचल्या. नियमाचा हेतू चांगला आहे, पण त्याच्या मागची कल्पना पाहण्यासारखी आहे: वारसा म्हणजे जे बदलले नाही आणि जे वापरले जात नाही ते. या व्याख्येत काकांची गाडी नीट बसत नाही. चाळीस वर्षे ती चालली ती बदलत गेली म्हणूनच. तिच्यातला पंप टॅक्सीतून काढलेला, दार दुसऱ्या गाडीचे, वायरिंग दोनदा नवे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही अडचण अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीची हस्तलिखिते शुद्ध-अशुद्ध पाठांनी भरली होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची प्रत शुद्ध केली. दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातांतून गेल्यामुळेच तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला. मिस्त्रीही ‘कंपनीचा’, ‘लोकल’ आणि ‘जुना’ असे भागांचे पाठभेद ओळखतो, कोणता कोठे चालेल याचा निवाडा करतो. फरक एवढाच की, त्याच्या निवाड्याची पुष्पिका कोणी लिहीत नाही.

याचा अर्थ प्रत्येक जुनी गाडी रस्त्यावर राहावी असा मात्र नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीचा धूर आजच्या मानाने अधिक आहे, धडकेत माणसाला वाचवणारी साधने तिच्यात नाहीत. २०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. त्याने जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पडदे लवकर खराब होतात. गळकी नळी तापलेल्या इंजिनाजवळ असेल तर ती आगीला निमंत्रण ठरते. नळ्या आधी बदलाव्यात आणि मगच कळ फिरवावी. आणि तळपत्रा गेला असेल, घरात लहान मुले त्यात बसणार असतील, तर गाडी काढावी; त्यात काकांचा अवमान नाही.

ठेवली तरी आणि काढली तरी एक काम करता येण्यासारखे आहे. वही जपावी. ती नसेल तर ज्या मिस्त्रीने गाडी सांभाळली त्याच्यापाशी एक दुपार बसावे आणि काय बदलले, कोठून आणले, कोणाकडून शिकलात, हे विचारून लिहून घ्यावे. सुट्या भागांची ती दुकाने एकेक करून दुसऱ्या धंद्याकडे वळत आहेत, आणि तेथील जाणते हात आता सत्तरीला टेकले आहेत. मौखिक इतिहासाचे प्रकल्प देणाऱ्या अध्यापकांनी या विषयाचा विचार करावा. वहीत जेथे नुसते ‘मिस्त्री’ लिहिले आहे, त्या जागी निदान एक पूर्ण नाव लिहिता येईल.