ऊस ओढायला कोणतं वाहन चांगलं? एका साध्या प्रश्नातून संशोधनाकडे

दसरा-दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या रस्त्यावर थांबलात, तर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिसतील. त्यांत भांडीकुंडी, सरपण, लेकरं आणि ऊसतोड कामगार. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडची ही माणसं पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघालेली असतात. आज आपण त्या वाहनापासून सुरुवात करू.

जड ऊस ओढायला कोणतं वाहन योग्य? यंत्राच्या अंगानं बघितलं, तर पन्नासेक हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढतो. पण ओढणं हा अर्धाच प्रश्न झाला, थांबवायचं कसं? बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं, चढावर पुढची चाकं हलकी होतात. म्हणजे 'योग्य' हा शब्द इथेच डळमळायला लागतो.

आता इतिहासाकडे या. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दशकांत कारखाने वाढत गेले. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळला जाईल, तितका साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे लांबच्या फडातून पटकन ऊस आणणारं वाहन कारखान्याला हवंच होतं. इकडे बालाघाटच्या कोरडवाहू गावांत पाऊस बेभरवशाचा. १९७२च्या दुष्काळाची आठवण आजही निघते. हाताला काम हवं होतं.

आधी बैलगाडी, मग रबरी चाकांची टायरगाडी. यात एक जोडपं, म्हणजे एक 'कोयता', ऊस तोडतं, भरतं आणि स्वतःच कारखान्यावर नेतं. तोडणीबरोबर वाहतुकीचे पैसे मिळतात, वाढे विकता येतात. पण बैलं पोसावी लागतात आणि गव्हाणीपुढच्या रांगेत रात्र काढावी लागते.

ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीत अनेक कोयते एका वाहनाला बांधलेले असतात. इथे वाहतुकीचे पैसे वाहनमालकाचे. गाडी रात्री दोनला आली, तरी उठून भरायची. दिवसभर तोडून, स्वयंपाक करून बाईच पुन्हा डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढते.

पैशाची साखळीही याच वाहनातून जाते. कारखाना साधारणपणे वाहनमालकाशी करार करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. तो मुकादमाला देतो, मुकादम कोयत्याला 'उचल' देतो. म्हणजे करारात वाहन असतं, पण फडात राबणारं जोडपं बहुतेक वेळा नसतंच. अपघात झाला किंवा पैसे बुडाले, तर मालक नेमका कोण, हे तिला कोणत्या कागदावर दाखवता येणार?

मित्रांनो, संशोधनाचा प्रश्न इथे तयार होतो. 'बैलगाडी मागास, ट्रॅक्टर आधुनिक' असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. पण बैलगाडीही काही सुखाची नव्हती, म्हणून उलटं लिहूनही चालणार नाही. 'कोणतं वाहन योग्य?' याच्या मागे 'कुणासाठी?' एवढंच जोडा. कारखाना, वाहनमालक, मुकादम आणि ती बाई, चौघांची उत्तरं वेगळी येतील. तुमचं काम ती चारही उत्तरं शोधायचं. पहिल्या तिघांची कागदावर सापडतील. चौथ्यासाठी फडावर जावं लागेल.

तुमच्या विषयातली अशीच एक वस्तू निवडा आणि वहीत तीन प्रश्न लिहा: ती कुणाच्या नावावर आहे? तिचे पैसे कुठून आले? आणि रात्री तिची वाट कोण बघत बसतं?