तळटीपेतील दिग्दर्शिका : मेबल नॉर्मंड

विनोदी मूकपटांचा विषय निघाला की चॅप्लिन आणि कीटन ही नावे आपसूक ओठांवर येतात. मेबल नॉर्मंडचे नाव आलेच, तर ते चॅप्लिनची सहनायिका म्हणून. तळटीपेत ढकलल्या गेलेल्या लेखिका वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाहीत. चित्रपटेतिहासातील ही तळटीपही त्याच दृष्टीने वाचावी, असे आम्हाला वाटते.

१८९२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर जन्मलेली मेबल आधी चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून काम करी. पुढे ती बायोग्राफ कंपनीत आली. १९१२ साली मॅक सेनेटने कीस्टोन कंपनी सुरू केली, तेव्हा तीही त्याच्याबरोबर कॅलिफोर्नियाला गेली. देखण्या नायिकेने केवळ देखणे दिसावे, हा संकेत तिने मोडला. ती पडे, धावे, पाण्यात उडी घेई आणि हसवी. तिचे नाव इतके चालत होते की ते चित्रपटांच्या शीर्षकांतच घातले जाई.

१९१४ साली ती दिग्दर्शनही करू लागली. चॅप्लिनने भटक्याचा तो प्रसिद्ध वेष प्रथम चढवला तो ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकामेंट’च्या चित्रीकरणासाठी, या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचे श्रेय आज मेबलला दिले जाते. त्यानंतर लवकरच ‘मेबल अ‍ॅट द व्हील’च्या वेळी दोघांचा खटका उडाला. हा प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचला तो मुख्यतः चॅप्लिनच्या १९६४ सालच्या आत्मचरित्रातून. मेबल गोड होती, पण दिग्दर्शक म्हणून तिच्या कुवतीविषयी आपल्याला शंका होती, असा त्यातील सूर आहे. येथे थांबले पाहिजे. आत्मचरित्र ही एका पक्षाची साक्ष असते. चॅप्लिनने ती नोंदवली तेव्हा मेबलला जाऊन ३४ वर्षे झाली होती आणि तिने स्वतः आत्मचरित्र लिहिलेले नव्हते.

तिची साक्ष शोधायची ती पडद्यावर. त्याच वर्षीच्या ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’मध्ये ती आणि चॅप्लिन भामट्यांच्या भूमिकेत आहेत. दोघे चित्रपट पाहायला जातात. समोरच्या पडद्यावर चोराची गोष्ट चाललेली, आणि शेजारी बसलेला मनुष्य पोलिसांचा. मेबलच्या चेहऱ्यावर अपराधाची जाणीव हळूहळू पसरते. आरडाओरड नाही, हातवारेही बेताचेच. धांगडधिंग्याच्या त्या काळात हा संयम विशेष आहे.

पुढे तिच्या नावाने स्वतंत्र चित्रपटकंपनी निघाली आणि १९१८ साली प्रदर्शित झालेला ‘मिकी’ अमाप लोकप्रिय झाला. मात्र फेब्रुवारी १९२२ मध्ये दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर यांचा खून झाला. त्या संध्याकाळी मेबल त्यांना भेटून गेली होती. तिच्यावर आरोप ठेवला गेला नाही आणि खुनाचा उलगडाही कधी झाला नाही. तरीही वृत्तपत्रांनी तिला सोडले नाही. १९२४च्या पहिल्याच दिवशी तिच्या मोटारचालकाने एका परिचितावर गोळी झाडली, आणि तिच्या चित्रपटांवर बंदी घालण्याची मागणी होऊ लागली. २३ फेब्रुवारी १९३० रोजी क्षयाने तिचे निधन झाले. वयाची चाळिशीही तिने पाहिली नाही.

तिच्याविषयीच्या लेखनात या दोन गोळीबारांना जेवढी जागा मिळाली, तेवढी तिने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांना मिळाली नाही. कोणाची साक्ष प्रमाण मानायची, हा प्रश्न आपण वाङ्मयेतिहासात विचारतो. तो येथेही विचारायचा, तर वाचन आत्मचरित्रापाशी न थांबवता उपलब्ध चित्रपटांपर्यंत न्यावे लागेल.